खालच्या मजल्यावरचा डाग

व्हीत, तुला जाऊन सात आठवडे झाले
आणि खालचे ह्रुबेश तिसऱ्यांदा वर आले.
पायात लोकरी सपाता, काखेत टॉर्च.
"छताला डाग पडलाय. आधी बशीएवढा होता."
आता केवढा झालाय ते त्यांनी दोन्ही हातांनी दाखवलं.

तुझी काचेची पेटी कोपऱ्यात,
आतून घामेजलेली, हिरवीगार,
आणि तुझे तीन बेडूक, काळ्यावर पिवळे पट्टे,
अंगठ्याच्या पेराएवढे,
आपण त्या गावचेच नाही असे बसलेले.

तू काचेवर चिकटवलेल्या चिठ्ठीत सगळं आहे:
माश्या किती, फवारा किती सेकंद, दिवा कधी मालवायचा.
गळायला लागलं तर काय, ते नाही.

पंपाचं मला कळतं.
सव्वीस वर्षं ब्रनोच्या ट्राम चालवते मी,
मोटर दुखायला लागली की आधी माझ्या पाठीला समजतं.
मंगळवारी पहिल्या पाळीला निघताना
तो कोरडा घरघरला, घशात काटा अडकल्यासारखा.
उघडून बघितलं. फवाऱ्याच्या तोंडाशी चुना,
आपल्या किटलीत साचतो तोच.
रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवला, सकाळी फुंकला, झालं.
आर्द्रतेचा काटा मात्र नव्व्याण्णववर मेला.
त्याला तसाच राहू दिला.
घरात एक तरी समाधानी असावा.

पण गळती.
गळतीला आवाज नसतो रे.

ह्रुबेश नोकरीत असताना गॅसचे मीटर तपासायचे.
"गॅसला साबणाचा फेस लावायचो," म्हणाले,
"पाण्याला काय लावणार?"
मग कोरडा कागद त्यांनी काचेच्या कडेकडेने फिरवला
आणि मागच्या उजव्या सांध्याशी तो भिजला.
चोर सापडला!
दोन म्हातारी माणसं, पण आम्ही टाळ्या वाजवायच्या बाकी होतो.

मग बेडकांची बदली आईसक्रीमच्या डब्यात,
झाकणाला भोकं, तळाशी ओला कागद.
एक जण सोफ्याखाली गेला. ती गोष्ट पुन्हा कधीतरी.
माती, भाजक्या मातीच्या गोळ्या, तुझी नाजूक झाडं
सगळी बाथटबमध्ये. माझी अंघोळ डेपोत.
जुना सिलिकॉन ब्लेडने खरवडला,
बुरशीनाशक नसलेला नवा भरला,
घरभर काकडीच्या बरणीसारखा आंबट वास,
चार दिवस.

पाचव्या दिवशी सगळं जागच्या जागी.
सहाव्या दिवशी दारात ह्रुबेश.
बोलले नाहीत. गरज नव्हती.

मी फरशीवरच बसले.
तेही बसले, आधी एक गुडघा, मग बऱ्याच वेळाने दुसरा.
टॉर्च खालून तिरपी धरली त्यांनी
आणि तेव्हा दिसला
सरकत्या काचेच्या फटीतून बाहेर आलेला
शेवाळाचा एक धागा.
आतलं पाणी त्याला धरून वर चढत होतं,
कड ओलांडून बाहेर,
मग फळीचा उतार धरून मागच्या कोपऱ्यात,
थेंब थेंब, रात्रंदिवस.
काचेला तडा नव्हताच.
सांधा पहिल्यापासून धड होता.
आम्ही चार दिवस एका निरपराध्याला झोडपत होतो.

नखं कापायची कात्री. एक टक्.
बस्स.

ह्रुबेश लगेच उठले नाहीत.
डाग रंगवून देते म्हटलं, तर म्हणाले, राहू दे,
हल्ली तो स्लोव्हाकियासारखा दिसतो,
पडल्या पडल्या बघायला बरा.
तेवढ्यात पाच वाजले, पंप आपोआप सुरू झाला,
घसा साफ, आत धुकं,
आणि पानाखालून एकाने लांबलचक शीळ घातली,
न थांबता, छातीत श्वास मावेल तेवढी.
"हा कोण?"
"तोच. सोफ्याखालचा."

तुझ्या चिठ्ठीत मी एक ओळ वाढवली आहे:
दर रविवारी फटीतलं शेवाळ कापणे.
आणि त्याखाली, ठसठशीत सरकारी अक्षरात,
मला न विचारता, ह्रुबेशनी:
टॉर्च खालून धरावी.