भाडेकरूसकट

लाहोटी म्हणाला, मावशी, रिकामं घर घेऊ नका.
रिकामं घर हप्ता खातं.
हे घ्या, भाडेकरूसकट,
पहिल्या तारखेपासून चालू.
दुभती म्हैस दाखवावी तसा दाखवत होता,
वासरासकट.

देवळाईच्या पुढं, गट नंबर एकशे चौदा,
एका रांगेत बावीस रो-हाऊसं,
बावीस निळ्या टाक्या,
पाठीमागं अर्धा खरवडलेला डोंगर.
परवापर्यंत इथं तूर होती.
आता तुरीच्या तासांसारखीच घरं
आणि कोपऱ्यावर 'दूध, केक, झेरॉक्स'.

माझं नववं.
ग्रॅच्युइटी, फंड,
जिंतूरच्या दवाखान्यातल्या रात्रपाळ्या
मिळून बत्तीस लाख.
भाडं साडेनऊ हजार.
एसटीच्या तिकिटामागं हिशेब केला:
शेकड्याला साडेतीन आणि वर थोडं.
भाऊ म्हणाला, बँकेत ठेवले असते तर दुप्पट.
लाहोटी म्हणाला, भाडं बघू नका, रस्ता बघा,
शंभर फुटी होणार आहे.
रस्त्यात तेव्हा एक शेळी बसली होती.

करार अकरा महिन्यांचा.
बारावा महिना कुणाचा, मी विचारलं.
नोटरी हसला आणि शिक्का मारला.

पहिल्यांदा गेले तेव्हा
स्वतःच्याच घराची बेल वाजवून उभी राहिले.
चप्पल कुठं काढायची कळेना.
संजीवनी हिवराळेनं दार उघडलं,
कोण पायजे म्हणाली,
मग ओशाळून, या ना मॅडम.
पाहुण्यांच्या कपात चहा दिला.
नवरा शेंद्र्याला, पहिल्या पाळीला.
मोरीचा नळ उलटा फिरवला की उघडतो,
पश्चिमेच्या भिंतीला ओल कुठवर चढते,
दुपारी सावली कोणत्या पायरीवर,
टँकरवाल्याचं नाव, त्याच्या बायकोचं बाळंतपण,
सगळं तिला ठाऊक.
मला फक्त क्षेत्रफळ पाठ.

दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा,
पोरगी वाढत गेलेली, तारखांसकट.
सगळ्यात खालची रेघ
माझ्या खरेदीखताच्या तीन वर्षं आधीची.

निघताना म्हणाली, एक विचारू?
भिंतीला खिळा ठोकू का?
हिचा फोटो आहे, लांब उडीत पहिली आली तेव्हाचा.
कपाटावर आडवा पडलाय.

तेहतीस वर्षं.
परभणी, सेलू, जिंतूर, सात घरमालक,
सातांचा एकच नियम.
देव फळीवर, घड्याळ फ्रिजवर,
कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं.
नवऱ्याचा फोटो, हार घातलेला,
तोसुद्धा खुर्चीत बसवला होता मी
माणूस बसतो तसा.

ठोका की, हवे तेवढे ठोका,
असं म्हणायला तोंड उघडलं
आणि ऐकलं:
एकच. आणि ड्रिलनं नको, गिलावा सुटतो.
आवाज सेलूच्या चारठाणकरांचा होता,
नाकातून, हुबेहूब.

हो हो, एकच, ती म्हणाली. लगेच.
मीही अशीच लगेच म्हणायचे.

बसमध्ये लाहोटीचा फोन.
मावशी, तिकडं भाव चढलाय, हजारानं वाढवा,
नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे.
मी म्हणाले, पाचशे.
या पाचशेला दया म्हणावं की व्याज,
करमाड गेलं तरी ठरेना.

रात्री जिंतूरला खोलीचं कुलूप काढलं.
गजावरची सुतळी सोडली,
कॅलेंडर हातात धरून
भिंतीवर इथं, जरा वर, नाही, तिथं,
कुठं शोभेल ते पाहिलं.
मग पुन्हा बांधलं.