गंगेकडच्या अंगाला

प्रश्नातला माणूस रोज सकाळी निघतो.
उत्तरेला नऊ किलोमीटर,
उजवीकडे वळून चार,
पुन्हा उजवीकडे वळून सहा.
कशाला निघाला, पायात काय होतं,
वाटेत कुणी पाणी विचारलं का,
हे आपण विचारायचं नसतं.
मूळ ठिकाणापासून किती लांब, कोणत्या दिशेला,
एवढंच. छत्तीस सेकंदांत.

अंतर माझं बरोबर यायचं. पाच.
एकोणीस चालून पाच,
याचंही मग काही वाटेनासं झालं.
दिशा मात्र चुकायची.
ईशान्येच्या जागी मी आग्नेय लिहायचे,
वायव्येच्या जागी नैऋत्य.

वसमत रोडची अभ्यासिका,
खाली पंक्चरचं दुकान, वर आम्ही चाळीस जण.
कच्छवे सरांनी माझे तीन पेपर शेजारी शेजारी मांडले.
"पूर्व चुकत नाही तुझी, पश्चिम चुकत नाही.
उत्तर तेवढी उलटी येते."
मागून कुणीतरी म्हणालं,
"सर, आमचं तर प्रत्येकच उत्तर उलटं येतं."
सगळे हसले. मीही.

रात्री कॉटवर पडल्या पडल्या सापडलं.

आमच्या गावात उत्तर नाही.
उगवती आहे, मावळती आहे, आणि गंगा आहे.
गोदावरी फक्त भूगोलाच्या पुस्तकात.
माय म्हणते, "गंगंकडल्या अंगाची दाढ ठणकती,"
आणि कुठली ते कळायला
ती कुणीकडं तोंड करून बसलीय ते बघावं लागतं.

तर उत्तर वाचलं की माझ्या आत कुणीतरी उठून
गंगेकडे तोंड करून उभं राहायचं.
गावात ते बरोबर होतं.
पण परभणी गंगेच्या पलीकडे.
आता इथून म्हणायचं तर गावच पलीकडे.
इथे गंगा दक्षिणेला.
दीड वर्ष मी
जिच्याकडे बघायचं तिच्याकडेच बघत
निगेटिव्ह मार्किंग खात होते.

नुसरतला सांगितलं. ती हसली नाही.
"मी पश्चिम धरते," म्हणाली,
"घरी लहानपणापासून तीच पाठ.
बाकीच्या तिघींचं तिला विचारते."
आणि माझ्या वहीच्या डाव्या काठाला
पेन्सिलनं एक बारीक रेघ ओढून दिली.

नांदेडच्या सेंटरला खिडकी नव्हती.
कानातले काढून घेतले, केसांचा रबर उलटसुलट तपासला.
त्रेचाळिसावा प्रश्न:
सूर्यास्ताच्या वेळी दोघे समोरासमोर बोलत उभे,
एकाची सावली त्याच्या उजव्या हाताला.
त्याचं तोंड कुणीकडे?
मी कच्च्या कागदाच्या डाव्या काठावर बोट टेकवलं,
तिथं सूर्य बुडवला.
सावली उजवीकडे सरकली.
दोघं एवढं काय बोलत होते, दिवस मावळेस्तोवर,
ते पर्यायांत नव्हतं.
उत्तर उत्तर होतं.
मी क्लिक केलं आणि तरीही
एकदा मान वळवून भिंतीकडे बघितलं,
जिकडे मला वाटलं गंगा असेल.

परतताना परभणीला गाडी बदलली, परळीची धरली.
गंगाखेडच्या अलीकडे पूल आला,
चाकांचा आवाज पोकळ झाला.
समोरच्या बाईनं खिडकीतून रुपया टाकला,
हात जोडले, परत शेंगा सोलायला लागली.
तेवढा वेळ गंगा
माझ्या कुठल्याच दिशेला नव्हती.
खाली होती.
मला वाटतं मी एकदाही श्वास मोजला नाही त्या पुलावर.
मग झाडं सुरू झाली,
आणि ती पुन्हा मागे, जिथं असते तिथं गेली.

माय फाट्यावर उभी होती.
पिशवी माझ्या हातातून घेतली.
"खिडकी मिळाली का?"
मिळाली.
"कुण्या अंगाची?"
मावळतीच्या.
"मग ऊन लागलं आसंल," म्हणाली,
आणि चालताना
आपण मावळतीच्या बाजूनं झाली.