येणे बाकी

गावाची भांडी शाळेमागच्या खोलीत.
सव्वीस पराती, अकरा गंज, चार कढया,
पाचशे ताटं, त्यातली नऊ पोचे पडलेली,
आणि एक घमेलं, ज्याचा मालक कुणीच सांगत नाही.

सुरतेतला लूम सुटला तेव्हा
ग्रामपंचायतीत जाऊन म्हणालो,
काही काम द्या, पैसे नकोत.
रक्त द्यायचं वय निघून गेलं होतं,
श्रमदानाला गुडघे तयार नव्हते,
शाळेत शिकवायला गेलो तर पोरांनी
माझंच गणित सुधारून दिलं.
हिलाल तात्या ओट्यावर बसून ऐकत होते.
त्यांनी करदोड्याला बांधलेली किल्ली सोडली,
माझ्या हातावर ठेवली, वर वही.
"लिखी ठेवानं," म्हणाले, "मांगानं नही."

एवढंच प्रशिक्षण.

तेव्हापासून पहाटे दार वाजलं
की मी आधी पाय बघतो.
चपला असल्या तर लग्न, साखरपुडा, बारसं,
बसा म्हणावं, चहा टाकावा.
अनवाणी असला तर काही विचारायचं नाही,
दोन गंज, एक परात, पन्नास ताटं,
नाव नंतर लिहायचं.

थंडीत भरिताच्या पार्ट्या.
कढया काळ्याकुट्ट येतात
आणि पोरं शपथेवर सांगतात, घासल्या.
मी राख घेऊन बसतो.
समोरची बारावीतली मीना येते,
हातात नारळाची शेंडी, कानात वायर,
बोलत नाही, पण कढईचा कान सोडत नाही.
वर्षातून एकदा पारोळ्याचे मुनाफचाचा
कल्हई करून जातात.
मजुरी विचारली की भात्याकडे बघतात.

वही भरली की नवी घ्यायची,
जुन्यातलं उरलेलं पुढे उतरवायचं.
तात्यांच्या अक्षरातली एक ओळ
सहा वह्या ओलांडून माझ्यापर्यंत आली:
केवळबाई भिला. झारा एक. येणे बाकी.
त्या वैशाखातली बाकी सगळी भांडी
दुसऱ्याच दिवशी परत आली होती,
कोरडी. कशालाच तेल लागलेलं नव्हतं.
हळदीच्या रात्री काय झालं ते गावाला माहीत आहे,
वहीत नाही.

परवा निराधारचा फॉर्म भरून द्यायला
त्यांच्याकडे गेलो.
मागच्या दारी हातभर वाफा,
कोथिंबीर दोन बोटं वर आलेली.
केवळबाईंनी झारा आडवा धरला,
तांब्यातलं पाणी त्याच्यावर ओतलं,
आणि भोकाभोकातून ते मातीवर
इतकं हळू उतरलं
की एकही पान वाकलं नाही.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मग झाऱ्याकडे.
मी विचारलं, आधारवर जन्मतारीख
पूर्ण आहे, की नुसतं साल?

या दिवाळीला नवी वही.
समास आखला, पेन झटकून बघितलं,
आणि माझ्यातल्या त्यातल्या बऱ्या अक्षरात उतरवलं:
केवळबाई भिला. झारा एक.
येणे बाकी.