परवा

पहिल्या दिवशी हलीमा मुकादम मॅडमनी
माझ्या हातांचा वास घेतला, नाक मुरडलं
आणि हसल्या, पोटातून, मोठ्यानं.
खालच्या सायकलच्या दुकानापर्यंत ते हसणं जातं
हे त्यांना कुणीतरी सांगितलंय. त्यांना पर्वा नाही.

मिरकरवाड्याची, हे त्यांनी ओळखलं.
बोटांवर कोलंबीच्या काट्यांचे ओरखडे,
ते चालतील. चेहरा चालणार नाही.
पावसाळ्यात लावून घेतलेल्या खिडकीसारखा आहे तुझा चेहरा,
भुवया उचलल्याशिवाय प्रश्न होत नाही.

आठ महिने मी भुवया उचलते आहे.
एस.टी.च्या काचेत, ताटाच्या तळाशी.
आई म्हणते, पोरीला वारं लागलंय.
‘कुठे’, ‘का’, ‘कोण’ शेवटी ठेवायचे,
पागाच्या कडेला शिसं असतं तसे,
म्हणजे वाक्य तळाला जातं.
झालेलं खांद्यामागे, व्हायचं ते छातीपुढे.
मी आधी मराठीत जुळवायला लागले
की मनगटावर टिचकी बसते.

वहीच्या पहिल्या पानावर, त्यांच्या लाल अक्षरात:
समोरचा ‘मी’ म्हणाला की तूही ‘मी’ म्हण.
‘तो म्हणतो’ म्हणालीस
की तो खोलीबाहेर गेला.

परीक्षा सिव्हिल हॉस्पिटलात.
हरेश्वर भाटकर, खलाशी, गळ्याला गाठ.
मॅडम कोपऱ्यात, मांडीवर गुणपत्रक.
डॉक्टर माझ्याशीच बोलतात, “ह्यांना विचारा, कधीपासून?”
दोर ओढून जाड झालेले हरेश्वरचे हात
किती हळू बोलतात.
मी आवाज देते:
“नारळी पुनवेपासून. मला गिळताना बोचतं.
मी मरणार का?”
बाकावरच्या दोन बायका वळून
माझ्याच गळ्याकडे बघतात.

डॉक्टर कागद चाळत म्हणतात,
“परवाचा रिपोर्ट बघून ठरवू.”

माझा हात उठतो आणि खांद्यापाशी अडतो.
कुठला परवा?
गेलेला की यायचा? मराठीला चालतं,
तिनं दोन्ही एकाच टोपलीत ठेवलेत.
हाताला चालत नाही, हाताला दिशा लागते.
मागे नेला तर रिपोर्ट आलाय, आणि त्यात काहीतरी आहे.
पुढे नेला तर मध्ये अजून दोन रात्री आहेत.
हरेश्वर माझ्या हाताकडे बघतोय,
वारा फिरताना शिडाकडे बघावं तसा.

“डॉक्टर, हे मी विचारतेय, दुभाषी. परवा म्हणजे?”

ते पहिल्यांदा मान वर करतात. चष्मा काढतात.
माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघून सांगतात.
मी हात नेला.
कुठे, ते तुम्हालाही सांगायचं नाही.

मॅडमनी भुवयांचे दोन गुण कापले.

संध्याकाळी जेटीवर आई, शेवंतीकाकू, बर्फवाला यासीन.
मी आत होते, हे माझ्याआधी इथे पोचलंय.
“काय गो, हरेश्वराचं काय?”
मी पाट ओढला, घमेलं पुढ्यात घेतलं.
दहाही बोटं कोलंबीत.
डोकं, साल, काळा दोरा.
डोकं, साल, काळा दोरा.