तिसरी रिंग

एक रिंग : टॅक्सीत बसले.
दोन : हायवेला उतरले.
तिसरी वाजली की मी फाटकाची कडी काढते.
फोन उचलायचा नाही. पैसे वाचतात,
आणि आवाजातली भीती कुणाला ऐकू जात नाही.

वुयेल्वा हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे.
दिवसभर परक्यांच्या चादरींवरचे डाग काढते.
तिच्या बोटांना ब्लीचचा वास.
वीज नसते तेव्हा मी तिला त्याच वासावरून ओळखते.

आमचं घर म्दान्त्साने, एन.यू. अकरामध्ये.
नेटिव्ह युनिट. गोऱ्या सरकारनं दिलेला आकडा
सरकार गेलं तरी भिंतीवरून गेला नाही.
घरमालकाच्या वहीत आम्ही चुलत बहिणी,
क्लिनिकच्या कार्डावर मैत्रिणी,
कोपऱ्यावरच्या पोरांच्या तोंडी... जाऊ दे.
उभ्या गल्लीनं आम्हाला नावं ठेवली,
नात्याला मात्र एकानंही नाव ठेवलं नाही.

लुमका आमच्या टीमची गोलकीपर.
आमच्या भाषेत त्या नावाचा अर्थच 'जपून'.
आईनं नुसती हाक मारली तरी ताकीद वाटायची.
एका शनिवारी मॅच जिंकून ती गुत्त्यावर गेली,
शर्ट बाहेर, टोपी उलटी,
आणि कुणीतरी म्हणालं, थांब, तुला बाई करून दाखवतो.
पुढचं मी कवितेत आणणार नाही.
कोर्टात सतरा वेळा आणलंय,
सतराही वेळा तारीख मिळाली.

अंत्यविधीच्या छापील कागदावर
मागे राहिले ते आई आणि दोन भाऊ.
सहा वर्षं तिच्यासोबत राहिलेली झोलेका
तंबूमागे बटाटे सोलत बसली.
अख्खं पोतं सोललं तिनं.
आता पुरे, असं कुणी म्हणालं नाही.

रिंगांचा नियम त्या रविवारपासूनचा.

पलीकडे मा नोझुको. मधली भिंत अर्ध्या विटेची.
दर गुरुवारी लाल ब्लाउज, पांढरी कॉलर घालून
ती बायकांच्या प्रार्थनेला जाते, घरी येऊन पुन्हा गुडघे टेकते
आणि आमच्यासाठी देवाकडे नवरे मागते.
दोन. दारू न पिणारे.
आम्ही उशीत तोंड खुपसून हसतो.
वुयेल्वा म्हणते, बाई कंजूष नाही,
एकात भागवत नाही.

काल रात्री लोडशेडिंग.
नऊला एक रिंग.
पावणेदहाला दोन.
हायवे ते फाटक अकरा मिनिटं.
अठरा झाली.
वीस.
स्टोव्हशेजारचा लोखंडी पाना हाती लागला,
चपला लागल्या नाहीत.
तशीच अनवाणी बाहेर आले,
तर फाटकाशी कुणीतरी आधीच उभं.
नाइटी, वर मेलेल्या नवऱ्याचा खाणीतला कोट,
एका हातात टॉर्च, एका हातात झाडूचा दांडा.
"दोनच वाजल्या," मा नोझुको म्हणाली.

मी बघत राहिले.
"बघतेस काय? रोज मोजते मी.
तिसरी झाल्याशिवाय डोळा लागतो का माझा?
चल."

ती पुढे, मी मागे.
ती स्तोत्र पुटपुटत होती की शिव्या, कळलं नाही.
टॉर्चचा सेल मरायला टेकलेला,
मधूनमधून ती त्याला तळहातावर आपटायची.
दुकानाच्या वळणावर वुयेल्वा भेटली,
सँडलचा पट्टा तुटलेला, काखेत पाव.
"फोन मेला," ती म्हणाली.
त्या शब्दावर आम्ही तिघी गप्प झालो.
मग मा नोझुकोनं पाव दाबून पाहिला.
"शिळा दिला तुला. उद्या परत कर."

आज गुरुवार.
संध्याकाळी ती परत नवरे मागेल. मागू दे.
आम्ही एक रिंग वाढवलीय.
तिसरीला मी कडी काढते,
ती आत येते, कडी लागते,
मग माझ्या शेजारी पलंगावर बसून
वुयेल्वा माझाच फोन लावते,
चार वेळा वाजू देते.

भिंतीपलीकडे कूस बदलल्याचा आवाज येतो.