अर्धी खारी

टाळूत आडवा झोपलेला एक जास्तीचा दात,
पुढच्या दोघांची वाट अडवून.
फोटोत तो तांदळाच्या कणीएवढा.
मी घड्याळं दुरुस्त करतो, घाटकोपरला, जिन्याखाली;
एवढ्याशा कणीनं काय काय अडतं
मला वेगळं सांगायला नको.

डॉक्टर सिक्वेरा म्हणाल्या, पूर्ण भूल द्यावी लागेल,
पाच वर्षांचं मूल इतका वेळ आ करून बसत नाही.
रात्रीचं जेवण शेवटचं. साधं पाणी सातपर्यंत.
मग काही नाही.
का, ते मी विचारलं नाही. मान डोलावली.

मुलुंडच्या इस्पितळात, नऊ वाजता,
वाकून विचारलं त्यांनी, काही खाल्लंय?
मी म्हटलं, नाही.
चारुता म्हणाली, खारी.
खोतकाकूंनी दिली. अर्धी. चहात बुडवून.

सहीसाठी उचललेलं पेन हातातच राहिलं.
दुकान बंद, पैसे भरलेले,
आणि मी पोरीकडे असा पाहिलो
जसा चोराकडे हवालदार.

डॉक्टर तिच्यासमोर उकिडव्या बसल्या.
शाब्बास. बरं झालं सांगितलंस.
मग मला, हळू आवाजात:
भुलेत पोटातलं वर येतं, श्वासाच्या वाटेला लागतं.
तुम्ही खोटं बोलला नाहीत, तुम्हाला ठाऊक नव्हतं.
टेबलावर दोन्ही सारखंच.

रिक्षा विक्रोळीला वळली तेव्हा तिनं विचारलं,
खरं बोलले म्हणून रागावलास?
मी मीटरकडे बघत राहिलो.

तीन आठवड्यांनी पुन्हा तारीख.
आदल्या रात्री मजल्यावरची सातही दारं वाजवली.
सकाळी खोतकाकूंनी गॅस पेटवला नाही
आम्ही जिना उतरेपर्यंत.
दुखणार नाही, हे वाक्य मी घराबाहेर काढलं होतं.
उठलीस की दुखेल, म्हटलं. मी तिथंच असेन.

चाळीस मिनिटं.
दुरुस्तीला आलेलं कुठलंच घड्याळ
इतकं हळू चालत नाही.

शुद्धीवर आली ती लाथा झाडत,
मला ओळखेना. उतरेल अर्ध्या तासात, नर्स म्हणाली,
अशी उठतात काही मुलं.
ओठ बधिर होता. स्वतःचाच चावते की काय
म्हणून दोन तास बोट आडवं धरून बसलो.
स्ट्रॉ नको, गरम नको, चूळ आज नको.

दात त्यांनी कागदात बांधून दिला.
काचेच्या झाकणाच्या डबीत ठेवलाय,
एका जुन्या बॅलन्स व्हीलशेजारी.

संध्याकाळी खोतकाकू दारात,
एक हात पदराआड.
आता देऊ का रे?
चारुतानं माझ्याकडे पाहिलं.
मी खिशातला कागद काढला,
या वेळी शेवटपर्यंत वाचला.
आज नाही, काकू.
उद्याही नाही.
सोमवारी या. अख्खी आणा.