साडेसहा इंच

स्टीलची पट्टी विटेवर उभी धरून ऑल्डरसननं वाचलं:
साडेसहा.
इंजिनाच्या पोटाखालून एवढीच हवा जाते.
"मांजर जाईल," मी म्हटलं.
"मांजर जाईल. आपल्या ओढ्यातला दगड नाही जाणार."

बॅन्टम त्याची, बासष्ट सालची.
आता माझी, तीनशे पाउंड आणि एक अट:
काम त्याच्याच शेडमध्ये व्हायचं.
गुडघे गेलेत त्याचे. तो खुर्चीतून बोट दाखवतो,
पाने माझ्या हातात.

आधी खालून जाणारी सायलेन्सरची नळी काढली.
दगडांनी तिचे पोहे केले होते.
नवी वरून वळवली, मांडीजवळून,
आणि तिचं तापणं मला
जीन्सला भोक पडल्यावर कळलं.
फ्रेमच्या खालच्या दोन नळ्या कापल्या तेव्हा
ठिणग्या त्याच्या चहात पडल्या.
त्यानं चमच्यानं ढवळलं.
नळ्यांच्या जागी ॲल्युमिनियमची जाड पाटी,
जिच्यावर एके काळी लिहिलेलं होतं
सावकाश, मेंढ्या.

मग मागचे शॉक, एक इंच लांब.
"वजन किती तुझं?"
मी पाच किलो कमी सांगितलं.
"स्प्रिंगला खोटं कळतं," म्हणाला,
मला सीटवर बसवून पुन्हा पट्टी लावली,
आणि काही न बोलता कपाटातून
कडक जोडी काढली.

मागून उचललं की पुढून नाक खुपसते,
हँडल चुळबुळतं, घंटा व्हायच्या आधीच्या पोरासारखं.
म्हणून फोर्कमध्ये काकवीइतकं दाट तेल,
आणि स्प्रिंगांच्या डोक्यावर पितळी चकत्या,
अर्ध्या अर्ध्या इंचाच्या, दोन्ही पायांत दोन दोन.
चेन घासायला लागली, तिच्याखाली
माझा कांदे चिरायचा नायलॉनचा बोर्ड कापून बसवला.
चेन तापली की शेडमध्ये लसूण दरवळतो, असं तो म्हणतो.
मला काही येत नाही वास.

नऊ इंच.
साईड स्टँड आखूड पडला, गाडी दारुड्यासारखी कलली.
आणि मी, पाच फूट एक.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
माझे पाय पसरून संपले,
अंथरूण अजून खालीच होतं.

या खेळात गुण चुकांना मिळतात.
पाय टेकला, एक. थांबलात किंवा पडलात, पाच.
शून्य घेऊन घरी जाणारा पहिला.

रविवारी, चौथा टप्पा, ओढा.
डोरीन मेटकाफ काठावर, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत.
तो दगड आला, दर वेळी पोटाला खर्रकन ओरबाडणारा.
मी दात आवळले.
काहीच नाही.
खाली पाण्याचा आवाज, वर इंजिनाचा,
आणि मधे कुठेतरी
अडीच इंच, नवेकोरे.

मी बघायला वळले.
तेवढ्यात गाडी डावीकडे कलली, मी पाय सोडला
जिथे जमीन असायची तिथे.
जमीन तिथे राहत नव्हती आता.

कमरेपर्यंत पाणी. पाच, डोरीननं लिहिलं,
आणि थर्मासचं झाकण उघडून माझ्यासाठी ओतलं.
ऑल्डरसन घडीच्या खुर्चीतून वाकून वाकून
आडव्या पडलेल्या गाडीचं पोट बघत होता.
"पाटीवर ओरखडा नाही!" तो ओरडला.
मग त्याला मी दिसले.

संध्याकाळी त्यानं स्वतःच उठून
फोर्कची टोपणं सोडली, एकेक चकती काढली,
मागचा बोल्ट दुसऱ्या भोकात घातला.
पट्टी माझ्याकडे दिली.
साडेआठ.
"तेवढं तिला परत," म्हणाला.
तिला म्हणजे कुणाला, मी विचारलं नाही.

सोमवारी रिचमंडच्या दवाखान्यात
कॉफीच्या मशीनसाठी नाणी शोधताना
कोटाच्या खिशातून दोन पितळी चकत्या निघाल्या,
तेलकट.
रिसेप्शनची खुर्ची शनिवारी कुणीतरी
उंच करून गेलं होतं.
पाय टेकत नव्हते.
खाली दांडा होता, ओढला की झालं.
मी तशीच बसले, पहिला पेशंट येईपर्यंत,
पाय हलवत.